कालव्याच्या रस्त्यावर वारा लागत नाही

ही गोष्ट खोटी असती तर सगळ्यात जास्त मलाच बरं वाटलं असतं.

मी चष्म्याचं दुकान चालवतो. दिवसभर लोकांना 'वरची ओळ वाचा, आता खालची वाचा' सांगणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी हळूच उठून चहा प्यायला जायचो. तो मी आज हे लिहितोय, यावरून काय ते समजा.

आणि मध्यरात्र, काळोख, कुत्र्यांचं रडणं वगैरे काही नव्हतं हो. रविवारची सकाळ होती. सहा वाजून दहा मिनिटं. चांगलं उजाडलं होतं.

जागा म्हणजे शहराबाहेरचा कालव्याकाठचा रस्ता. सात किलोमीटर, सरळसोट. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला मोकळं रान. झाड नाही, घर नाही. शेवटी एक बंद पडलेलं पंपहाऊस.

आणि जाताना समोरून वारा. बारा महिने, तिन्ही त्रिकाळ.

आधी दाजींबद्दल सांगतो. दाजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. शाळेत विज्ञान शिकवायचे. चाळिशीत माझी साखर वाढली, तेव्हा त्यांनीच मला धरून सायकलवर बसवलं. धंदा सांभाळून जमेल असं वेळापत्रक स्वतःच्या हातानं लिहून माझ्या फ्रिजवर चिकटवलं. मंगळवार-गुरुवार दुकान उघडायच्या आधी पाऊण तास. रविवारी तीन तास. बस्स, यापलीकडे काही नाही.

"आणि दमायचं नाही," असं बजावायचे. "छातीचे ठोके एकशे पस्तीसच्या वर गेले की चुकलास. गप्पा मारता आल्या पाहिजेत. तुला तेवढंच तर येतं."

एका दिवसात दोनशे किलोमीटरची एक मोठी सायकलफेरी असते, ती दोघांनी मिळून करायची, हे ठरलं होतं.

आता सायकलवाल्यांचं एक गणित तुम्हाला माहीत असायला हवं. समोरून वारा असला की पुढचा वारा खातो आणि मागचा आरामात जातो. पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून चिकटून चालवायचं. मेहनत तिसऱ्या हिश्शानं कमी होते. म्हणून पुढे राहायचा टर्न असतो. पुढचा दमला की कोपर हलवतो, जरा बाजूला सरकतो, मग मागच्यानं पुढे यायचं. टर्न टाळणारा माणूस सायकलवाल्यांत सगळ्यात हलकट समजला जातो.

मी कायम मागे. दाजींनी माझं नावच 'शेपूट' ठेवलं होतं.

त्यांचा शेवटचा रविवार मला मिनिटामिनिटानं आठवतो. पंपहाऊस दिसायला लागलं होतं. दाजी पुढे होते. त्यांनी कोपर हलवलं.

माझे ठोके एकशे बत्तीस होते. पुढे गेलो असतो तर एकशे पन्नास झाले असते. मी हँडलवरच्या मीटरच्या स्क्रीनकडे बघत राहिलो. पाहिलंच नाही असं दाखवलं.

त्यांनी परत कोपर हलवलं.

मग तिसऱ्यांदा...

मग त्यांची सायकल हळूहळू कडेला गेली आणि ते गवतात आडवे झाले. ॲम्ब्युलन्स यायच्या आतच सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. एकावन्न वर्षांचा माणूस.

कोपराचं मी कोणालाच सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

चार महिने मी सायकलला हात लावला नाही. मग एक दिवस ताईनं मला बोलावून दाजींची पेडलं हातात ठेवली. ही साधी पेडलं नव्हती. पाय किती जोर लावतात ते वॅटमध्ये मोजणारी. दाजींचा जीव की प्राण.

"तू लाव," ताई म्हणाली. "आणि ते दोनशेचं पूर्ण कर. दोघांची नावं देऊन ठेवली होती त्यांनी."

नाही कसं म्हणणार?

पहिला रविवार. एकटाच निघालो. सहा वाजून दहा मिनिटांनी कालव्याच्या रस्त्याला वळलो. वळल्याबरोबर वाऱ्यानं थोबाडीत मारल्यासारखं झालं. खाली मान घातली आणि चालवत राहिलो. ताशी अठ्ठावीस, दोनशे दहा वॅट. जीव मेटाकुटीला आला.

दुसरा किलोमीटर संपला आणि...

वारा थांबला.

थांबला म्हणजे काय, कडेचं गवत माझ्याकडे झुकलेलं तसंच होतं. कालव्याच्या पाण्यावर लाटा तशाच उलट्या येत होत्या. कानाशेजारून वाऱ्याचा आवाजही जात होता. फक्त माझ्या तोंडावर काही लागत नव्हतं.

स्क्रीनवर पाहिलं. ताशी अठ्ठावीस. एकशे चाळीस वॅट.

ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या मागे सायकल चालवली, त्याला ही भावना चांगली ओळखता येते. ती आपल्या पुढे कोणीतरी असण्याची होती.

पुढे रस्ता मोकळा होता.

पंपहाऊसपाशी वारा पुन्हा सुरू झाला. मी वळलो आणि जीव मुठीत धरून घरी आलो. दुपारी पेडलं घेऊन सायकलच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं एका पेडलला दहा किलोचं वजन टांगलं. स्क्रीनवर बरोब्बर दहा.

"पेडलं ठणठणीत आहेत साहेब," तो म्हणाला. "तुमचीच तब्येत सुधारली असेल. पार्टी द्या."

मी हसलो.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. दोन किलोमीटर झाले आणि वारा गायब. या वेळी मी मुद्दाम पाय थांबवले. पाय थांबवले की सायकलच्या मागच्या चाकातून टिकटिक आवाज येतो. तसा आला. मी पुन्हा पाय फिरवायला लागलो. माझी टिकटिक बंद झाली.

आणि पुढून...

टिक टिक टिक टिक.

माझ्या चाकापासून वीतभर अंतरावर. माझ्यासाठी कोणीतरी वेग कमी केला होता.

खरं सांगू? त्या क्षणी मला भीती वाटली नाही. रडू आलं. वाटलं, दाजी आहेत. या माणसानं जिवंतपणी माझा वारा खाल्ला आणि आताही खातोय. मी चालवता चालवता मोठ्यानं बोललो, "दाजी, लई उपकार झाले." येडचापच मी.

तिसरा रविवार.

पंपहाऊस दिसायला लागलं. जिथे दाजी पडले ती जागा शंभर मीटरवर असेल. आणि अचानक माझ्या डाव्या गालावर वारा लागला. मग पुन्हा आडोसा. मग पुन्हा वारा.

कोणीतरी बाजूला सरकत होतं.

परत जागेवर येत होतं.

परत सरकत होतं...

ते टर्न मागत होतं.

मी दोन्ही ब्रेक दाबले. "दाजी, माफ करा, माझ्यानं नाही व्हायचं," असं काहीबाही बरळलो आणि सायकल वळवून पळत सुटलो. पाठीवर वारा होता, तरी घरापर्यंत घाम थांबला नाही. सायकल माळ्यावर टाकली. बायकोला सांगितलं, गुडघा दुखतोय.

पण मन खात होतं. दाजींनी जाताना जे मागितलं तेच मेल्यावरही मागितलं, आणि मी दोन्ही वेळा पाठ दाखवली. दोन आठवडे झोप नाही. दुकानात एका आजोबांना डाव्याचा नंबर उजव्याला दिला. शेवटी एका रविवारी सकाळी ताईकडे गेलो आणि कोपराचं सगळं सांगून टाकलं.

ताईनं माझ्या हातात चहाचा कप दिला. मग म्हणाली, "दमले असतील तर आश्चर्य वाटतं रे. उलट शेवटी शेवटी ते फार खूश होते. म्हणायचे, हल्ली कालव्यावर वाराच नसतो, पाय आपोआप फिरतात."

मी हातातला कप खाली ठेवला.

"कधी म्हणाले?"

"गेले त्याच्या आधीचे दोन-तीन रविवार. का रे?"

मी त्यांच्या मागे असायचो. त्यांच्या पुढे वारा आहे की नाही, मला कसं कळणार?

दाजींच्या हँडलवरचं छोटं मीटर कपाटात होतं. कॉम्प्युटरला जोडलं. जुन्या सगळ्या फेऱ्या त्यात होत्या. वर्षभराचे आकडे सारखे. कालव्याचा रस्ता, ताशी अठ्ठावीस, दोनशे दहा-पंधरा वॅट.

शेवटचे तीन रविवार...

एकशे चाळीस. एकशे चाळीस. एकशे चाळीस.

आणि अगदी शेवटच्या फेरीत, पंपहाऊसच्या अलीकडे, आकडा एकदम दोनशे ऐंशीवर गेला. वेग तोच. दोन मिनिटं तसाच राहिला. मग शून्य.

दाजींनी टर्न घेतला होता. त्यांच्या पुढे जे होतं ते बाजूला झालं आणि सज्जन माणूस पुढे गेला. मग त्याला तो वारा झेपेना, म्हणून तो मला कोपर हलवून बोलवत राहिला.

म्हणजे माझ्या पुढे होते ते दाजी नव्हतेच.

मी तसाच बसून होतो आणि दार उघडलं. भाची आत आली. तिला आम्ही मुंगी म्हणतो, लहानपणी साखरेचा डबा सोडायची नाही म्हणून. एकोणीस वर्षांची आहे. घामानं भिजलेली, गाल लाल, हातात हेल्मेट.

"मामा! तू कधी आलास? आईला सांगू नको म्हणणार होते, पण ती इथेच आहे. बाबांची सायकल काढलीय मी, साधी पेडलं लावून. दोनशेचं मीच करणार. दोन रविवार झाले जातेय."

"कुठे जातेस?"

"कालव्यावर. बाबा उगाच घाबरवायचे. कुठे असतो रे एवढा वारा? मला तर लागतच नाही."

मी बोटांवर मोजलं.

दोन रविवार झाले होते.

मी सगळं सांगितलं. आकडे दाखवले. ताई म्हणाली, तुझं डोकं फिरलंय, चांगल्या डॉक्टरला दाखव. मुंगी मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

"मामा, बाबा असतील ते."

"अगं, ते बाबांच्याही पुढे होतं! आकडे बघ ना!"

"मीटर बिघडलं असेल. मला बाबा वाटतात." आणि वर ऐकवलं, "टर्न मागितला तर घ्यायचा असतो, तूच शिकवलंस ना?"

मीच शिकवलं होतं. स्वतः कधी घेतला नाही, पण पोरीला मोठ्या रुबाबात शिकवलं होतं.

तिला अडवून पाहिलं. चाकातली हवा सोडली, तिनं पुन्हा भरली. कुलूप लावलं, तिनं दुसऱ्याची सायकल आणेन म्हणून धमकी दिली. बापावर गेलीय. शेवटी मी माझी सायकल माळ्यावरून काढली. म्हटलं, जायचंच तर माझ्या मागे राहायचं. एक क्षण पुढे यायचं नाही. तिनं कबूल केलं.

पुढच्या रविवारी निघालो. कालव्याच्या रस्त्याला वळलो आणि वारा तोंडावर आदळला. दोन किलोमीटर झाले. वारा होताच. तीन, चार. डोळ्यांतून पाणी येत होतं, मांड्या पेटल्या होत्या, ठोके एकशे सत्तर. पण इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. माझ्या पुढे कोणी नव्हतं. मी पहिला होतो आणि पोरगी माझ्या आडोशाला सुरक्षित होती.

पंपहाऊस दिसलं. मी काखेखालून मागे पाहिलं.

मुंगी चांगली दहा-बारा हात मागे होती.

"अगं, चिकटून चालव!" मी ओरडलो. "तिथे सगळा वारा लागेल!"

"नाही लागत मामा!"

तिचे पाय अगदी सहज फिरत होते. तोंड मिटलेलं. धाप नाही. आणि तिची नजर...

दुसऱ्याच्या चाकामागे चालवताना माणूस कुठे बघतो, हे माझ्याएवढं कोणाला माहीत असणार? लांब रस्त्याकडे नाही. खाली, स्वतःच्या चाकापुढे वीतभर अंतरावर बघतो, कारण तिथे पुढच्याचं चाक असतं.

मुंगी तिथे बघत होती.

तिच्या आणि माझ्या मधल्या मोकळ्या जागेत.

मग तिची नजर डावीकडे सरकली. काहीतरी बाजूला होताना बघावं तशी. आणि ती पेडलवर उभी राहिली, पुढे यायला.

मी विचारच केला नाही. ब्रेक मारले आणि सायकल आडवी घातली. दोघं धाडकन आपटलो. माझ्या कोपराची सालटी निघाली, तिचं खांद्याचं हाड मोडलं. रस्त्यावर पडल्या पडल्या ती रडत होती, "मामा, का केलंस? का केलंस असं?" मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. वारा आम्हा दोघांना झोडपत होता. तेवढंच मला हवं होतं.

ताई माझ्याशी बोलेनाशी झाली. स्वतःच्या भाचीचं हाड मोडणारा मामा, काय बोलणार? मला त्याचं काही नव्हतं. पोरगी जिवंत होती. हाड मोडलं म्हणजे दोन-तीन महिने कालव्याला जाणं बंद. मी कित्येक दिवसांनी शांत झोपलो.

महिन्याभरानं ताईचाच फोन आला. राग निवळला होता.

"डॉक्टरांनी घरात सायकल चालवायला परवानगी दिलीय. मागचं चाक स्टँडवर अडकवायचं, सायकल जागची हलत नाही. आता तरी तुझी भीती गेली ना? ये बघायला."

गेल्या रविवारी गेलो. सकाळचे सव्वासहा. मागची खोली. दार लोटलेलं होतं, आतून चाकाची घरघर येत होती.

मुंगी सायकलवर होती. एक हात गळ्यात बांधलेला. पाय सहज फिरत होते. तिच्या पुढे, चार हातांवर, उंच स्टँडचा पंखा फुल्ल स्पीडला लावलेला होता. पंख्याचा आवाज खोलीभर घुमत होता. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. टेबलावरची वर्तमानपत्रं उडून खाली पडली होती. मी दारात उभा, तरी माझ्या शर्टाची कॉलर हलत होती.

मुंगीच्या कपाळावर केसांच्या चार बटा सुटलेल्या होत्या.

एकही बट...

हलत नव्हती.

"पंखा जरा जवळ ओढतोस का मामा?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिची नजर खाली होती. चाकापुढे, वीतभर अंतरावर. "मागच्या रविवारपासून वाराच लागत नाहीये."

मी तिथल्या तिथे पंखा बंद केला, तिला उतरवलं, ताईच्या पाया पडलो. म्हटलं, ही सायकल विकून टाक, मोडून टाक. ताईनं मला पाणी दिलं आणि बायकोला फोन करून न्यायला बोलावलं. दोघी स्वयंपाकघरात माझ्याबद्दल हळू आवाजात बोलत होत्या.

आज शनिवार आहे. त्या खोलीतला तिसरा रविवार उद्या. मुंगीचा दुपारी मेसेज आला, 'उद्या पूर्ण एक तास करणार!!'

मी उद्या पहाटेच जाणार आहे. पंखा आणि तिची सायकल यांच्यामध्ये जी जागा आहे, तिथे खुर्ची टाकून बसणार आहे. तिथे आधीच कोणी असेल, तरी बसणार आहे. मला भयंकर भीती वाटतेय. पण टर्न मागितला गेला तर तो मीच घ्यायचा, पोरीनं नाही.

बायकोला उद्याचं अजून सांगितलेलं नाही.